शेपटीच्या चाकाची तपासणी

हॅगथॉर्प गावच्या हॉलमध्ये उत्तरेच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. आकाराने थेट डेन्मार्क. पावसाळी आठवड्यात त्याला शेजारची दोन-तीन बेटंही फुटत. क्लेमंट डॉबर यांनी सगळी नोकरी पाणी निचरा मंडळाच्या कचेरीत काढलेली असल्यामुळे, ओल या विषयावर गावाने आपलं मत एकदा तरी विचारावं अशी त्यांची माफक इच्छा होती. ऑक्टोबरातल्या हॉल समितीच्या बैठकीत, विषय क्रमांक सात निघाला तेव्हा, गावाने ते विचारलं आणि तिथेच घात झाला.

"त्याच्यावर एखादं चित्र लावून टाका," डॉबर म्हणाले.

बस्स, एवढंच. पुढचे सात महिने ते स्वतःला बजावत होते की माणसाने 'गवंडी बोलवा' म्हणावं, 'रंग मारा' म्हणावं, गेला बाजार 'बघू' म्हणावं. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं म्हटल्यावर कोण काय करणार?

"तू तोंड उघडलंसच कशाला?" घरी आल्यावर म्युरिएलने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं. डॉबर बूट काढत होते.  त्यांना त्याच बैठकीत 'चित्र उपसमितीचे अध्यक्ष' केलं होतं. उपसमितीत दुसरं कुणी नव्हतं.

चित्र कशाचं, यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली. कुणी मेंढ्या सुचवल्या, कुणी फुलं. तेवढ्यात नॉर्मन ब्रॅकनबरी उभे राहिले. हे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. लढाईच्या काळात त्यांचं वय नऊ वर्षं होतं आणि ते आजतागायत कुठल्याही विमानात बसलेले नाहीत, पण लँकेस्टर बाँबफेकी विमानाच्या अंगावरचा एकेक रिव्हेट त्यांना नावानिशी ओळखतो.

"येत्या मे महिन्यात लढाई संपल्याला पन्नास वर्षं होतील," ब्रॅकनबरी म्हणाले. "आपल्या बीटच्या शेतांवरून रोज रात्री ही विमानं गेली. आणि आपण भिंतीवर मेंढ्या लावणार?"

मेंढ्या सुचवणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. लँकेस्टर मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉबरांच्या दारात मिस विनी लेगट उभ्या. हातात फडक्यात बांधलेला मनुकांचा पाव. वय अठ्ठ्याहत्तर. डॉबर पाच वर्षांचे असताना रविवारच्या शाळेत यांनीच त्यांना गुडघ्यावर थापट्या मारून स्तोत्रं शिकवली होती. त्यामुळे अख्ख्या गावात डॉबरांना 'बाळा' म्हणण्याचा अधिकार एकट्या त्यांचा.

"क्लेम, बाळा, विमानाचं चित्र लावताय म्हणे."

"हो, मिस लेगट."

"आमच्या अ‍ॅलेकचं विमान?"

समितीने नुसतं 'विमान' म्हटलं होतं. पण अ‍ॅलेक लेगट हा गावचाच मुलगा. विमानाच्या अगदी शेपटीत, काचेच्या फुग्यात, चार मशीनगनींमागे पाठमोरा बसून जायचा. घरापासून अकरा मैलांवरचा विमानतळ मिळाला म्हणून त्याची आई त्या वर्षी फार खुशीत होती. चव्वेचाळीसच्या जानेवारीत ते विमान गेलं ते परत आलंच नाही. थडगं नाही, काही नाही. आता दारात त्याची बहीण पाव घेऊन उभी असताना 'नाही हो, ते दुसरंच विमान' असं कोण म्हणेल? डॉबर "हो" म्हणाले.

"म्हणजे त्यात अ‍ॅलेकही असणार," विनीबाई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. "हा बघ. एवढा एकच आहे माझ्याकडे."

स्टुडिओतला फोटो. केस चापूनचोपून बसवलेले, मान ताठ, चेहरा लग्नाला आणलेल्या बोकडासारखा.

"छान आहे," डॉबर म्हणाले.

"छान कसला! हा फोटोवाल्याचा अ‍ॅलेक आहे. आमचा अ‍ॅलेक जन्मात असा उभा राहिला नाही. पन्नास वर्षं याच्याकडे बघतेय मी, आणि आता डोळे मिटले की हाच दिसतो. माझा होता तो पुसलाच गेला." फोटो त्यांनी पालथा घातला. "डॉक्टर म्हणतात, डोळे उन्हाळ्यापर्यंत टिकतील. पुढचं सांगता येत नाही. त्याच्या आत मला तो एकदा दिसायला हवा, क्लेम. बघितल्याबरोबर ओळखू यायला हवा. बाकीचं विमान तुम्ही कसंही काढा, त्याला चार पंख काढा वाटलं तर."

"दिसेल," डॉबर म्हणाले. निचरा मंडळात एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला तोंडी आश्वासन दिलं नव्हतं. सगळं लेखी असायचं, तीन प्रतींत.

चित्रकार घरातलाच निघाला. म्युरिएलचा चुलतभाऊ जेराल्ड ट्यूक विमानांचीच चित्रं काढायचा. त्याचं विमान कॅनव्हासवरून खरोखर उडायचं. ढग असे की बघणाऱ्याने कॉलर वर करावी. विमानांच्या शौकिनांत त्याला मान होता. पण देव एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो, त्यातली गत. जेराल्डला माणसं येत नसत. माणूस काढायला घेतला की त्याच्या हातून उकडलेला सलगम तयार व्हायचा. म्हणून त्याच्या चित्रांत माणसं नेहमी काचेआड, धुक्याआड किंवा फार लांब असत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोचं चित्र काढलं होतं. ते आता त्यांच्या माडीवर भिंतीकडे तोंड करून उभं असतं. तो विषय त्या घरात काढत नाहीत.

पहिलं रेखाटन नोव्हेंबरात आलं. सूर्य मावळतोय, खाली शेतं, आणि समोरून अंगावर येणारं लँकेस्टर. डॉबरांच्या अंगावर काटा आला. ब्रॅकनबरींच्या अंगावर मात्र काही येत नसे. त्यांनी भिंग लावून चित्र तपासलं आणि अकरा पानांचं टिपण पाठवलं. इंजिनांच्या धुरांड्यांवरची झाकणं चव्वेचाळीसच्या जानेवारीत, म्हणजे अ‍ॅलेकचं विमान गेलं त्या महिन्यात, बदलली होती. पोटाखालच्या दाराची फट अर्धा इंच जास्त दाखवली आहे. शिवाय ज्या दिशेला सूर्य मावळताना दाखवला आहे, त्या दिशेला जानेवारीत हॅगथॉर्पमध्ये तो मावळत नाही, हे आपण स्वतः घराच्या माडीवरून पाहिलेलं आहे.

"सूर्य हलवता येईल का, विचारून बघतो," डॉबर म्हणाले. आपण हे वाक्य शुद्धीवर असताना बोललो, याचं त्यांना नंतर बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

इकडे जिल्हा कचेरीत निराळंच घोंगडं भिजत पडलं होतं. हॉल एकोणीसशे अकरा सालचा, छप्पर पत्र्याचं, खिडक्यांतून वारा असा येतो की पत्त्यांचा डाव दगड ठेवून खेळावा लागतो. पण तो जतन करायच्या इमारतींच्या यादीत होता. अर्ज केल्यावर कचेरीतून एक तरुण अधिकारी बाई वही घेऊन आली.

"भिंतीला खिळे मारणार?"

"दोन."

"म्हणजे इमारतीत फेरफार झाला. कायमचा की तात्पुरता?"

डॉबरांनी फॉर्मवर लिहिलं, 'खिळे निघेपर्यंत.' फॉर्म परत आला. मग ती पुन्हा आली आणि डेन्मार्कसमोर बराच वेळ उभी राहिली.

"ही ओल मूळची आहे की नंतरची?"

"बाई, मी एकतीस वर्षं निचरा मंडळात होतो," डॉबर शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. "ओलीला जन्मदाखला नसतो."

"मूळची असेल तर ती झाकता येणार नाही," ती म्हणाली. तिने ते वहीत लिहूनही घेतलं.

अखेर फेब्रुवारीत मंजुरी आली. चित्र भिंतीला न टेकवता, छताच्या तुळईवरून साखळीने, दोन इंच पुढे टांगायचं. म्हणजे ओलीला श्वास घेता येईल. ते पत्र वाचून डॉबर सकाळी साडेदहाला परत अंथरुणात जाऊन पडले. आपल्या श्वासाची काळजी वाहणारं कुठलं खातं आहे, याचा विचार करत.

तोवर चित्र पूर्ण व्हायला हवं होतं, पण घोडं अडलं होतं माणसांवर. विनीबाई दर मंगळवारी येत. पाव टेबलावर ठेवत आणि विचारत, "आला का रे?" जणू अ‍ॅलेक चारच्या बसने यायचा आहे. डॉबरांनी जेराल्डच्या हातापाया पडून दुसरं रेखाटन करवून घेतलं. विमान तेच, पण काचांतून चेहरे दिसणारं. विनीबाई भिंग घेऊन टेबलाशी बसल्या.

"हा कोण?"

"तो पायलट."

"आजारी आहे का? बरं, आणि हा?"

"तो... तोही सलगम," डॉबरांच्या तोंडून निसटलं. "म्हणजे इंजिनं सांभाळणारा."

"सख्खे भाऊ दिसतात. आणि आमचा अ‍ॅलेक?"

डॉबरांनी घसा साफ केला. "तो शेपटीत असतो ना, मिस लेगट. विमान समोरून येतंय. त्यामुळे तो पलीकडे आहे. मागच्या बाजूला."

विनीबाईंनी कागद उचलला आणि अगदी सहज उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. त्यांनी कागद खाली ठेवला, वरून हात फिरवला आणि भिंग पिशवीत टाकलं. "पाव आज थोडा करपलाय," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री डॉबर जेवले नाहीत. तिसऱ्या रेखाटनात जेराल्डने विमान वळवलं. आता शेपूट पुढे, आणि फुग्यात एक सलगम. समितीत गहजब झाला. ब्रॅकनबरी म्हणाले, "विमान गावाला पाठ दाखवून चाललंय! मला दुसरा शब्द सुचतो आहे, पण इथे बायका आहेत." बायकांतून आवाज आला, "बोला हो, आम्हालाही तोच सुचतोय."

"मी राजीनामा देतो," डॉबर घरी येऊन म्हणाले.

"कुणाकडे?" म्युरिएल म्हणाली. "उपसमितीत तू एकटाच आहेस."

मग मार्चात स्टॅन्ली पॉगसन आले. अ‍ॅलेकच्या विमानातले सात जण, त्यातला हा वायरलेसवाला. त्या शेवटच्या फेरीला कान फुटला म्हणून दवाखान्यात राहिला आणि म्हणून वाचला. पत्ता म्युरिएलनेच चार पत्रं लिहून शोधून काढला होता. जेराल्डला चेहऱ्यांचं वर्णन तरी मिळेल, एवढीच तिची अपेक्षा. पॉगसन पुढे जन्मभर बार्न्सलीच्या कोळसाखाणीत राबलेले. बसने आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिन्ही रेखाटनं नीट बघितली.

"इमान झ्याक हाय," ते म्हणाले. "पन आमी कुटं?"

"आत," जेराल्ड म्हणाला.

"आत व्हय." पॉगसननी चहाचा घोट घेतला. "आत आमी एकमेकाला बगितलंच न्हाई कदी. अंदार, आन ज्यो त्यो आपल्या कोपऱ्यात. आमाला काडायचंच आसंल तर चाकापाशी काडा."

"कुठल्या चाकापाशी?"

"शेपटीच्या." त्यांनी म्युरिएलकडे पाहिलं. म्युरिएल किटली घेऊन स्वयंपाकघरात गेली, पण दार लावून घेतलं नाही. "चडायच्या आदी समदे त्या चाकावर मोकळं व्हायचे. सातीच्या साती. नेम हुता त्यो."

"चाकावर?" डॉबर म्हणाले.

"मंग? आट आट तास आत कोंडून बसायचं, थंडीनं कापडं कडक हुत्यात. आन पयल्या येळंला केलं आन जित्तं परत आलो, तर दुसऱ्या येळंला न करायची छाती कुनाची हाय?"

जेराल्ड खुर्चीच्या कडेवर आला होता. लॉटरी लागलेल्या माणसाच्या आवाजात त्याने विचारलं, "म्हणजे... पाठमोरे?"

"चाकाकडं त्वांडं करूनच करनार की."

"सगळ्यांचे चेहरे पलीकडे?"

"चेहऱ्याचं काय काम हाय तितं?"

जेराल्डच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत त्याला कुणी असा विषय दिला नव्हता.

पॉगसन टोपीची कड चाचपत राहिले. "त्या दिशी माज्या जागंवर नवं प्वार दिलं हुतं. एकुनीस वर्सांचं. आमच्या नेमाचं त्याला कुनी सांगितलं आसंल का वो? का घाईत रायलं? पन्नास वर्सं झाली, खानीत बी ह्योच इचार यायचा. मी आसतो तर सांगितलं आसतं."

 नेमका तेव्हाच फोन वाजला. ब्रॅकनबरी होते, धुरांड्यांच्या झाकणांविषयी. तो फोन पाऊण तास चालला. डॉबर परत आले तेव्हा जेराल्ड आणि पॉगसन टेबलावर साखरेचे खडे मांडून कोण कुठे उभं राहायचं ते ठरवत होते, आणि म्युरिएलने सगळ्यांना तिसरा कप ओतला होता.

आता प्रश्न असा की समितीला सांगायचं काय? डॉबर तीन दिवस फिरत राहिले. कालव्याच्या कडेने जाताना त्यांनी बदकांपुढे दोन-तीन वाक्यं म्हणूनही बघितली. एकही जमेना. शेवटी विषयपत्रिकेवर त्यांनी लिहिलं, 'चित्राचा प्रसंग: उड्डाणापूर्वी विमानातले सात जण शेपटीच्या चाकाची अंतिम तपासणी करताना.' ज्या हाताने एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यांची खरी उंची इंचात नोंदली, त्याच हाताने हे लिहिलं. 

"उत्तम!" ब्रॅकनबरी म्हणाले. "शिस्त दिसते. मुलांपुढे आदर्श राहील." आणि शेपटीच्या चाकाच्या टायरवर दोन खोबणी असतात, एक नव्हे, याचं टिपण त्यांनी तिथल्या तिथे दिलं. ठराव एकमताने संमत झाला. टाळ्या पडल्या. डॉबरांना घाम फुटला.

पण खरी टोचणी वेगळीच होती. विनीबाईंना त्यांनी शब्द दिला होता की अ‍ॅलेक ओळखू येईल. आणि आता सातही जणांच्या पाठी.

"पाठीवरून माणूस ओळखू येतं का गं?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

म्युरिएल मोजे रफू करत होती. मान वर न करता म्हणाली, "सदतीस वर्षं मी तुला बाजारात पाठीवरूनच शोधतेय. समोरून तू कुणीही असू शकतोस."

एवढ्यावर डॉबर एप्रिल महिना काढू शकले.

आठ मेच्या दुपारी हॉल भरला. सँडविचं, डुकराच्या मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या, चहाच्या दोन मोठ्या किटल्या. चित्र साखळीने टांगलेलं, भिंतीपासून बरोबर दोन इंच पुढे, वर पत्त्यांच्या टेबलाची हिरवी चादर. पुढच्या रांगेत विनीबाई, नवा निळा कोट घालून. त्या अगदी सकाळीच येऊन बसल्या होत्या. डाव्या डोळ्याचं आता काही राहिलं नाही, असं त्यांनी डॉबरांना सांगितलं होतं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. "उजवा आहे अजून. पण लवकर उरका."

डॉबरांनी चादर ओढली.

काम थोर होतं, यात वाद नाही. संध्याकाळचा पिवळा उजेड, शेपटीचे दोन उभे पंख घराएवढे, गवतात टाकलेल्या पॅराशूटच्या पिशव्या. आणि चाकाभोवती जाड कपड्यांतल्या सहा पाठी, बहुतेक पाय फाकवून, माना खाली. जेराल्डचा ढगांत हातखंडा, हे आधी सांगितलंच आहे. जानेवारीच्या थंडीत चाकावरून वर चढणारी वाफ त्याने इतकी जिवंत काढली होती की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नकळत पर्स मांडीवर ओढून घेतली.

हॉलमध्ये चिडीचूप. चहाची किटली तेवढी सूं सूं करत होती, आणि तेही त्या क्षणी फार बरं वाटलं नाही.

"डॉबर," ब्रॅकनबरी हळू आवाजात म्हणाले, "हे लोक तपासणी करत नाहीयेत."

"एका अर्थाने..."

"याच्यावर बंदी होती! लेखी हुकूम होता! धातू गंजतो त्याने!" ते पुढे झुकले, भिंग लावलं, आणि नाइलाजाने म्हणाले, "टायर बरोबर आहे."

मग हेदर क्रॉफ्ट उठल्या. रोज सकाळी याच हॉलमध्ये त्या गावची बालवाडी भरवतात. "मिस्टर डॉबर, उद्या सकाळी याच्याखाली माझी एकवीस मुलं बसणार आहेत. सप्टेंबरपासून मी त्यांना एकच गोष्ट शिकवतेय. एकच! आणि परवापासून त्यांना ती कुठे जमायला लागलीय!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी त्याला दटावलं. जेराल्ड आपल्या बुटांकडे बघत होता. डॉबर मनात न्यूझीलंडच्या बोटीचं वेळापत्रक आठवत होते. बोटी अजून जातात का, हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण पायी निघायचीही त्यांची तयारी होती.

तेवढ्यात विनीबाई उठल्या. काठी टेकत चित्राशी गेल्या, भिंग उजव्या डोळ्याशी धरलं, आणि कॅनव्हासला नाक लागेल इतक्या जवळ वाकल्या. मागचं हसणं थांबलं.  अ‍ॅलेक लेगटची बहीण काय बघायला आलीय, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचं बोट एकेका पाठीवरून सरकू लागलं. "हा नाही. हाही नाही. हा फार रुंद. हा... नाही." बोट थांबलं. "क्लेम, सहाच आहेत."

 डॉबरांनी चित्र घाईत, चादर टाकता टाकताच पाहिलेलं. तेही मोजू लागले. सहा. परत मोजले. सहाच. सात महिने, अकरा पानांची टिपणं, हलवलेला सूर्य, ओलीचा श्वास, आणि हा गाढव नेमका एक माणूस विसरला!

"जेराल्ड!" ते ओरडले.

"पलीकडे बघा," जेराल्ड पुटपुटला. "पार पलीकडे."

विनीबाईंचं भिंग कॅनव्हासवरून सरकत सरकत उजव्या कडेला गेलं. दुसऱ्या उभ्या पंखाच्या मागे, उजेड जिथे संपतो तिथे, एक जण एकटाच उभा होता. एक खांदा वर, एक खाली. एक हात विमानाला टेकलेला, मान कोटात खुपसलेली. बाकीच्या सहांपैकी दोघांचं उरकलं होतं आणि ते त्याची वाट बघत होते, पण मुद्दाम दुसरीकडे तोंड करून.

विनीबाई बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग त्यांच्या तोंडून हसण्याचा की कशाचा तो एक बारीक आवाज निघाला.

"हा बघा," त्या म्हणाल्या. "हा आमचा अ‍ॅलेक."

पाडलेल्या खांद्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"कुणी जवळ असलं की व्हायचंच नाही रे त्याला! जत्रेत तेच, सहलीत तेच. आजोबांना पुरायला गेलो तेव्हासुद्धा. झुडपामागे जाऊन उभा राहायचा, असाच, खांदा पाडून, आणि म्हणायचा, विने, तू तिकडे बघ आणि शिट्टी वाजव. म्हणजे त्याला वाटायचं, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही."

"खरं हाय," मागून पॉगसन म्हणाले. टोपी हातात घेऊन ते उभे राहिले होते. "समदे चडायला तयार आन ह्यो आपला तितंच. टरकवाला हॉर्न वाजवायचा. मंग तर आनकीच आडायचं."

"हॉर्न कशाला वाजवायचा मेल्याने!" विनीबाई फिरून एकदम रागावल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "एवढुसं पोर ते!"

त्यांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. भिंग मिटून कोटाच्या खिशात ठेवलं. मग चित्राकडे नीट पाठ केली, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले, समोरच्या खिडकीबाहेर नजर लावली, आणि ओठांचा चंबू करून त्या शिट्टी वाजवू लागल्या. कवळीमुळे सूर कमी आणि हवाच जास्त.

अशा वेळी काय करायचं असतं, याचा कुठलाच नियम डॉबरांना सापडेना. मग त्यांनीही चित्राकडे पाठ फिरवली. त्यांच्या शेजारी म्युरिएल वळली. पॉगसन वळले. खुर्च्या करकरल्या आणि एकामागून एक सगळा हॉल उठून चहाच्या टेबलाकडे तोंड करून उभा राहिला. हेदर क्रॉफ्ट थोड्या घुटमळल्या, मग त्याही वळल्या. शेवटी राहिलेले ब्रॅकनबरी भिंग खिशात घालून वळले आणि अगदी ताठ उभे राहिले.

शिट्टी चालू होती. सँडविचांवर माश्या बसत होत्या, पण हलायची कुणाची हिंमत होत नव्हती.

बराच वेळ गेल्यावर ब्रॅकनबरींनी दबक्या आवाजात विचारलं, "किती वेळ उभं राहायचं?"

विनीबाईंनी श्वास घ्यायला शिट्टी थांबवली.

"उभा राहा गप," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ लागतो."